टीम कोणी मोजली? प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या संशोधनाचं एक वाचन

(कोयनानगर, तालुका पाटण येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

विषय तुम्ही वाचलाच असेल: प्राथमिक आरोग्यसेवेतलं टीमवर्क आणि डॉक्टरचं काम, यावर संशोधन काय सांगतं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला ते तपासत बसता येईल. संशोधन पुष्कळ आहे. त्यातलं काही अव्वल दर्जाचं आहे, आणि ते आपल्या महाराष्ट्रातलं आहे. पण त्यात टीम नावाची गोष्ट जवळपास कुणी मोजलेलीच नाही. आशा मोजली. डॉक्टर मोजला. दोघांच्या मध्ये जे घडतं, किंवा घडत नाही, ते सोडून दिलं. आणि इथे कोयनेच्या खोऱ्यात माणूस वाचतो की जातो, हे बऱ्याचदा त्या मधल्या जागेत ठरतं.

आता मधली जागा म्हणजे काय, ते इथल्याच उदाहरणानं पाहू. समजा जुलै महिना आहे. इथला पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. वरच्या धनगरवाड्यात आठ दिवसांचं बाळ आहे. आशाताई भेटीला गेली. बाळ दूध ओढत नाही, अंग गार लागतंय, रडणं क्षीण. तिला प्रशिक्षणात ही लक्षणं शिकवलेली आहेत, ती ओळखते. आता पुढे काय? ती सिस्टरला फोन लावणार, रेंज असेल तर. सिस्टर उपकेंद्रावर असेल किंवा लसीकरणाला दुसऱ्या गावी. मग प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर. ते आशाताईला नावानं ओळखतात का? तिनं 'बाळ बरं नाही' म्हटल्यावर ते ऐकून घेतात, की 'आधी घेऊन या, मग बघू' म्हणतात? पाटणला पाठवायचं की थेट कऱ्हाडला? तिकडे पोचल्यावर तिच्या चिठ्ठीकडे कुणी बघतं का? आणि बाळ बरं होऊन घरी आलं, तर काय झालं होतं, आता काय बघायचं, हे आशाताईला कोण सांगतं?

धरणाच्या पलीकडे, शिवसागराच्या काठानं बामणोली-तापोळ्याकडे गेलात तर या साखळीत लाँचही येते. प्रत्येक कडी वेगळ्या माणसाच्या हातात. एक कडी निसटली की बाकीच्या मजबूत असून उपयोग नाही.

हे सगळं डोक्यात ठेवा, आणि आता संशोधनाकडे वळू.

कागदावर टीमची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. १९४६ चा भोर समितीचा अहवाल. सर जोसेफ भोर, जाता जाता सांगतो, जन्मानं नाशिकचे. त्यांनी सुचवलेल्या प्राथमिक केंद्रात चाळीस हजार लोकांमागे दोन डॉक्टर, आणि त्यांच्यासोबत सार्वजनिक आरोग्य परिचारिका, सुईणी, स्वच्छता निरीक्षक, औषध निर्माता अशी मोठी यादी होती. यादी नीट बघा. कोण असावं हे त्यात आहे. ही माणसं एकमेकांशी कशी वागतील, कोण कुणाला विचारेल, कोण कुणाला शिकवेल, हे नाही. पुढे १९७३ ला कर्तारसिंग समिती आली. मलेरियाचा वेगळा माणूस, कुटुंबनियोजनाचा वेगळा, देवीच्या लसीचा वेगळा, हे बंद करून बहुउद्देशीय कर्मचारी करा, असं तिनं सांगितलं. आज आपले आरोग्य सेवक आणि एएनएम सिस्टर आहेत ते त्यातूनच. आणि या सगळ्यांवर केंद्राचा डॉक्टर प्रमुख, हेही तिथेच. प्रमुख असणं ही टीम झाली का? आपल्याकडे हा प्रश्न तिथेच मिटला असं समजतात. पाच वर्षांनी, १९७८ ला, अल्मा-आत्याच्या जाहीरनाम्यात डॉक्टर, नर्स, सुईण, गावपातळीचा कार्यकर्ता या सगळ्यांनी आरोग्य टीम म्हणून काम करायला प्रशिक्षित असलं पाहिजे, असं जगानं मान्य केलं. टीम म्हणून काम करायला शिकावं लागतं, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. आपण डॉक्टरला टीममध्ये काम करायचं किती तास शिकवतो? उत्तर समोरच्या सिस्टर देतील. (हशा)

आता जामखेड. रजनीकांत आणि मेबेल आरोळे, दोघंही वेल्लोरचे डॉक्टर, जॉन्स हॉपकिन्सहून सार्वजनिक आरोग्य शिकून १९७० ला अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. १९७५ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या एका पुस्तकात त्यांनी आपल्या कामावर प्रकरण लिहिलं, १९९४ ला 'जामखेड' हे पुस्तक आलं. ही दोन्ही मी टीकाकाराच्या नजरेनं वाचतो, भक्ताच्या नाही, आणि तरी सांगतो की टीमबद्दल महाराष्ट्रातलं सगळ्यात प्रामाणिक लेखन हेच आहे. कारण त्यात अपयश लिहिलंय. सुरुवातीला त्यांनी गावात एएनएम ठेवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. शिकलेली, बाहेरगावची मुलगी खेड्यात रुळत नव्हती, आणि बायकाही तिच्याशी मोकळ्या होत नव्हत्या. मग गावातल्याच बाईला शिकवायचं ठरलं, तिला अक्षरओळख नसली तरी. त्यातल्या बऱ्याच दलित समाजातल्या होत्या.

सगळे इथपर्यंत सांगतात आणि थांबतात. 'निरक्षर बाई डॉक्टर झाली', टाळ्या. पण पुस्तकात त्या बाईइतकीच दुसरी एक गोष्ट आहे. या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. आपल्या गावात काय झालं ते सांगायच्या आणि शिकून जायच्या. आणि डॉक्टर, नर्स, समाजसेवक यांचं फिरतं पथक गावात जायचं, तिथे त्या बाईसोबत काम करायचं. म्हणजे काम कुणाचं बदललं? बाईचं बदललंच, पण डॉक्टरचं जास्त बदललं. त्याचा आठवड्यातला मोठा वेळ शिकवण्यात, ऐकण्यात, आणि गावासमोर 'ही सांगते ते बरोबर आहे' असं म्हणण्यात जाऊ लागला. गावात त्या बाईचा शब्द चालू लागला तो एकट्या तिच्या हुशारीमुळे नाही. डॉक्टर तिच्या शेजारी बसला म्हणून. शेजारी बसणं हे मी अलंकार म्हणून म्हणत नाही. ज्या गावात तिला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तिथे डॉक्टरनं तिच्या शेजारी बसणं ही घटना असते.

आणि हे संशोधनात कुठे आहे? २०१० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये जामखेडचं मूल्यमापन आलं. प्रकल्पातली गावं आणि शेजारची प्रकल्पाबाहेरची गावं यांची तुलना. एक महिन्यापुढच्या, पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. काम चांगलं आहे, आकडा जपून काढलाय, दावा मर्यादित ठेवलाय. पण तो ३० टक्के फरक कशामुळे, हे त्यातून कळत नाही, कळणं शक्यही नव्हतं. पाण्यामुळे? बाईमुळे? आठवड्याच्या बैठकीमुळे? दवाखाना जवळ असल्यामुळे? सगळी मोळी एकत्र बांधून तराजूत टाकली. मोळीचं वजन मिळालं, काटकीचं नाही.

गडचिरोलीकडे येतो, आणि इथे जरा थांबणार आहे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचा नवजात बाळांचा अभ्यास, १९९९ ला लॅन्सेटमध्ये आला. ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळाची सेवा, आणि ४७ गावं तुलनेसाठी. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांत नवजात मृत्यूदर हजारी २५.५, तुलनेच्या गावांत ५९.६. आधीची स्थिती धरून निव्वळ घट ६२ टक्के. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत होती. गावातल्या बाईनं उपचार सुरू केल्यावर २.८ टक्के. उपचार म्हणजे काय, तर तोंडानं औषध आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन. गावातल्या, थोड्या शिकलेल्या बाईनं दिलेलं इंजेक्शन. त्या काळात बालरोगतज्ज्ञांना हे पचणं अवघड होतं, आणि आकड्यांनी ते पचवायला लावलं. या अभ्यासाचं मोठेपण मी कमी करत नाही. जगातल्या अनेक देशांचं धोरण त्यानं बदललं.

पण लेख उघडा आणि डॉक्टर शोधा. तो आहे. त्या बाईला शिकवणारा आहे, गावात जाऊन तिच्या नोंदी तपासणारा, चुका दुरुस्त करणारा आहे. मात्र तो 'पद्धत' या सदरात आहे, 'उपाय' या सदरात नाही. म्हणजे कसं, स्वयंपाकाच्या कृतीत चूल लिहीत नाहीत तसं. कारण ती सगळ्यांकडे असतेच, असं धरलेलं असतं. इथे ती सगळ्यांकडे नव्हती. तुलनेच्या गावांत सरकारी आरोग्य केंद्र होतं, डॉक्टरही असेल, पण गावातल्या बाईचं काम स्वतःचं समजून तपासणारा डॉक्टर नव्हता. मग त्या ६२ टक्क्यांत बाईचा वाटा किती आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या डॉक्टरचा किती? अभ्यास हे सांगत नाही, कारण त्यानं हा प्रश्न विचारलाच नाही.

हा काथ्याकूट नाही. या प्रश्नाची किंमत पुढे मोजावी लागली. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची सेवा हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला, आशाताईंकडे आला. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात. त्यासाठी अडीचशे रुपये. भेटींचं वेळापत्रक आलं, तक्ता आला, वजनाची झोळी आली. डॉक्टरचं शेजारी बसणं आलं नाही. इंजेक्शन तर तिच्या हातात दिलंच नाही. २०१४ ला विशिष्ट परिस्थितीत ते एएनएमला दिलं. सावधगिरी म्हणून हे मला समजतं. ज्या बाईला महिनोन्महिने कुणी डॉक्टर काम करताना बघत नाही, तिच्या हातात सुई कशी द्यायची? बरोबर. पण मग मान्य करा की गडचिरोलीत जे सिद्ध झालं ते आपण राबवलेलं नाही. अर्धी टीम राबवली आणि पूर्ण टीमचा निकाल मागितला.

याच्या आधीही हे झालं होतं. १९७७ च्या २ ऑक्टोबरला सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची देशव्यापी योजना सुरू झाली, महिना पन्नास रुपये मानधन. जामखेडसारख्या प्रयोगांची हवा त्यामागे होती. निवडले गेले बहुतेक पुरुष. तीन महिने शिकवलं, पेटी दिली, सोडून दिलं. योजना हळूहळू विरली. समोर काही जुनी मंडळी आहेत, त्यांना ती पेटी आठवत असेल.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. डॉक्टरवरचं संशोधन. इथे महाराष्ट्र सोडून मध्य प्रदेशात जावं लागतं, कारण जिश्नु दास आणि सहकाऱ्यांचं काम तिथलं आहे. त्यांनी प्रशिक्षित 'नकली रुग्ण' तयार केले. हे लोक दवाखान्यात जाऊन छातीत दुखतंय, दम लागतोय, घरी मुलाला जुलाब होतायत असं सांगायचे, आणि बाहेर येऊन डॉक्टरनं काय विचारलं, काय दिलं ते नोंदवायचे. २०१२ ला छापलेला निष्कर्ष: ग्रामीण मध्य प्रदेशात एका रुग्णाला सरासरी ३.६ मिनिटं. विचारायला हवेत त्यातले जेमतेम एक तृतीयांश प्रश्न विचारले जातात, तपासण्या केल्या जातात. २०१६ च्या पुढच्या लेखात त्यांनी आणखी टोकदार गोष्ट दाखवली: तोच डॉक्टर सरकारी दवाखान्यात कमी मेहनत घेतो आणि स्वतःच्या खाजगी दवाखान्यात जास्त घेतो, योग्य उपचारही जास्त वेळा देतो.

वाचताना राग येतो, आणि यायलाच पाहिजे. पद्धत हुशारीची आहे. डॉक्टर काय करतो हे डॉक्टरला विचारून कळत नाही, एवढं तरी त्यांनी कायमचं शिकवलं. पण त्यांच्या चौकटीत एक खोली, एक डॉक्टर, एक रुग्ण. बस्स. म्हणून त्यांचं उत्तरही जबाबदेही आणि मोबदल्याकडे जातं. केंद्रातली सिस्टर, औषध देणारा माणूस, रुग्णाला ओळखणारी आशा यांना त्या चौकटीत जागाच नाही. ३.६ मिनिटांत ओळख करून घ्यायची झाली तर कुणालाच जमणार नाही. पण रुग्णाबरोबर 'हिला दोन महिन्यांपासून चक्कर येते, घरी असं असं आहे' हे सांगणारी चिठ्ठी किंवा माणूस आला, आणि डॉक्टरनं ते मानलं, तर त्याच चार मिनिटांत वेगळं काही होईल का? नकली रुग्णाला आशाताई नसते. त्यामुळे हा प्रश्न त्या पद्धतीनं सुटणारच नाही.

छत्तीसगडचा एक अभ्यास आहे, कृष्णा राव आणि सहकाऱ्यांचा, २०१३. तीन वर्षं शिकलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक हे एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीचं काम करतात असा त्यांचा निष्कर्ष. उपयोगी आहे. पण त्याचं शीर्षकच बघा, 'प्राथमिक सेवेसाठी कोणता डॉक्टर?' असा त्याचा अर्थ. पुन्हा एकच खुर्ची, तिच्यावर कुणाला बसवायचं एवढाच वाद. आपल्याकडे आता उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आलेत, त्यांच्याबद्दलही चर्चा ह्याच धाटणीची चालते.

परदेशात टीमवर थेट अभ्यास झालेत का? झालेत. कॉक्रेननं २०१७ ला वेगवेगळ्या आरोग्य व्यावसायिकांच्या एकत्र कामावरचे प्रयोग गोळा केले. जगभरातून कसाला उतरले फक्त नऊ. पुरावा कमकुवत, ठाम काही सांगता येत नाही, असा निष्कर्ष. दुसरा कॉक्रेन आढावा, २०१८ चा, डॉक्टरऐवजी नर्सनं प्राथमिक सेवा दिली तर काय होतं यावर: अठरा प्रयोग, निकाल डॉक्टरइतके किंवा थोडे बरेच, फक्त नर्स रुग्णाला वेळ जास्त देते. त्या अठरांपैकी एक सोडून सगळे श्रीमंत देशांतले. आणि गंमत अशी की 'ऐवजी' याचा पुरावा 'सोबत' यापेक्षा भक्कम आहे. बदली मोजणं सोपं असतं.

ब्राझीलनं मात्र एक गोष्ट वेगळी केली. १९९४ पासूनच्या त्यांच्या कुटुंब आरोग्य कार्यक्रमात एकक टीम आहे: डॉक्टर, नर्स, सहायक नर्स आणि काही आरोग्य कार्यकर्ते, मिळून ठरावीक कुटुंबांना जबाबदार. सरकार टीमची व्याप्ती मोजतं. त्यामुळे संशोधकांना टीमची व्याप्ती आणि बालमृत्यू यांची सांगड घालता आली. टीमची व्याप्ती दहा टक्क्यांनी वाढली तिथे बालमृत्यूदर साडेचार टक्क्यांनी कमी, असं २००६ चा एक अभ्यास सांगतो. आपण काय मोजतो? मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं. सरकारी ग्रामीण आरोग्य सांख्यिकी उघडा, पानंच्या पानं. पदांच्या बेरजेला आपण टीम म्हणतो.

एक अभ्यास मुद्दाम शेवटी ठेवला. अलिबागजवळचं मांडवा. डॉ. नोशीर अंतिया, जे. जे. रुग्णालयाचे नामांकित प्लास्टिक सर्जन, सत्तरच्या दशकात तिथे गेले, तीसेक गावांत बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. काम चाललं, आणि चाललं म्हणूनच अडलं. बायका बोलायला लागल्या, सरकारी यंत्रणेकडे सेवा मागायला लागल्या, गावातल्या वजनदार लोकांना ते रुचलं नाही, आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. अंतियांनी हे छापून सांगितलं. तुम्ही विचाराल, टीमवर्कच्या व्याख्यानात हे कशाला? कारण टीम म्हणजे गोडीगुलाबी नाही. खालचा माणूस बोलायला लागणं म्हणजे टीम, आणि ते वरच्याला नेहमीच आवडतं असं नाही. यशाच्या दहा अहवालांतून हे कळत नाही, मांडव्याच्या एका अपयशातून कळतं. आपल्याकडे अपयश छापायची पद्धत नाही. म्हणून प्रत्येक नवी योजना पहिल्यापासून सुरू होते.

आता इथल्या डॉक्टरांच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. आपल्या केंद्रात येणारा एमबीबीएस मुलगा पुष्कळदा एक वर्षाच्या बाँडवर आलेला असतो. त्याला मराठी येत असलं तरी इथली वाडी-वस्ती माहीत नसते. ओपीडी, रात्रीची बाळंतपणं, अहवाल, व्हीसी, तालुक्याची सभा. वर्ष संपलं की तो पीजीला जातो. आशाताई मात्र दहा-पंधरा वर्षं तिथेच. म्हणजे या टीममध्ये अनुभवी माणूस खाली आणि शिकाऊ माणूस वर. परदेशातलं टीमचं सगळं संशोधन असं धरून चालतं की टीम काही वर्षं तरी टिकते. आपली दर जूनला बदलते. याचा अभ्यास कुणी करायचा?

तो इथे करता येईल, आणि त्याला लॅन्सेट लागत नाही. मी चार साध्या गोष्टी मोजायला सांगेन. आशाताईनं पाठवलेल्या शंभर रुग्णांपैकी किती जणांबद्दल डॉक्टरकडून तिला उलट निरोप आला. तिचा फोन पहिल्यांदा लावल्यापासून निर्णय मिळेपर्यंत किती वेळ गेला, पावसाळ्यात किती आणि उन्हाळ्यात किती. मासिक सभेत एकूण वेळापैकी किती मिनिटं आकडे मागण्यात गेली आणि किती एखाद्या रुग्णाबद्दल बोलण्यात. आणि चौथी, सभेत खुर्चीवर कोण बसतं, सतरंजीवर कोण, आणि उभं कोण राहतं. पहिल्या तीन गोष्टी वहीत लिहिता येतील. चौथीसाठी एक फोटो पुरे.

तीन महिने नोंदी ठेवा. पाटण तालुक्यातल्या दोन केंद्रांची तुलना केली तरी चालेल, फक्त केंद्रांची नावं जाहीर करू नका, नाहीतर पहिल्याच महिन्यात वह्या सुंदर अक्षरात भरलेल्या मिळतील. (हशा) आणि नोंदी आशाताईंकडेच ठेवायला सांगा, वरून तक्ता पाठवू नका.

वेळ झालाय. पाऊस थोडा थांबलाय तोवर वरच्या वाड्यांच्या ताईंना निघायचं असेल, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.